नाथसागराच्या काठावर एक वसंतोत्सव हवा: जिल्हा प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, छत्रपती संभाजीनगर;
वन्यजीव, जलसंपदा, पुरातत्त्व आणि मत्स्यव्यवसाय विभागांचे अधिकारी;
पैठण नगरपरिषद आणि नाथसागराकाठच्या सर्व ग्रामपंचायती

सप्रेम नमस्कार.

फाल्गुन वद्य अष्टमीला नाथषष्ठीचा काला होतो, दिंड्या परतीच्या वाटेला लागतात. त्याच पंधरवड्यात जायकवाडी धरणाच्या जलाशयावरचे, म्हणजे नाथसागरावरचे, हिवाळी पाहुणे पक्षीही उत्तरेकडे निघायच्या तयारीत असतात. या दिवसांत पैठणला एक छोटा उत्सव सुरू करावा, अशी मागणी करण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. उत्सव पक्ष्यांचा असावा आणि गोदावरीच्या दगडांचाही. दगड म्हणजे अकीक (आत पट्ट्या असलेला, मण्यांसाठी वापरला जाणारा दगड), गारगोटी, ज्यांचे मणी पैठणच्या मातीत अजून सापडतात आणि ज्यांच्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचं नाव समुद्रापारच्या व्यापाऱ्यांना माहीत होतं.

पक्षी आणि दगड यांची मोट कशाला बांधायची, असं कुणालाही वाटेल. त्याचं उत्तर काठावर आहे. माघ-फाल्गुनात रब्बीची आवर्तनं सुटतात, डाव्या कालव्याचं पाणी २०८ किलोमीटर पार परभणीकडे जातं, उजव्याचं १३२ किलोमीटर माजलगावच्या दिशेनं. वर ऊन तापू लागतं. नाथसागर उथळ आहे, त्यामुळे पातळी थोडी उतरली तरी पाणी खूप मागं सरकतं आणि चिखल, वाळू, गोटे यांचा रुंद पट्टा उघडा पडतो. चिखलात पक्ष्यांचं खाणं असतं आणि गोट्यांमध्ये अकीक. दोन्ही गोष्टी एकाच पट्ट्यात, एकाच ऋतूत उघड्यावर येतात.

आणि याच पट्ट्याचे कागदोपत्री तुकडे झाले आहेत. जमीन जलसंपदेची, पाखरू वनखात्याचं, मासा मत्स्यव्यवसायाचा, वाळू महसूलची आणि मातीत निघालेला जुना मणी पुरातत्त्वाचा. पाचही विभागांचे लोक काठावर येतात, पण एकत्र कधी येत नाहीत. एकाला विचारलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि नियम पाहिले तर त्याचं चुकतही नाही. माझी खरी मागणी ही आहे की वर्षातून निदान तीन दिवस या सगळ्यांनी काठाकडे एकत्र पाहावं. उत्सव हे त्याचं निमित्त.

आधी पक्ष्यांबद्दल. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. पुढच्या दहा वर्षांत इथं इतके पक्षी येऊ लागले की १९८६ साली शासनानं सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचं क्षेत्र पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केलं. माणसानं शेतीसाठी अडवलेल्या पाण्याला पक्ष्यांनी एका पिढीत आपलं केलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पट्टकदंब हंस तिबेट-लडाखच्या पठारावरून हिमालय ओलांडून येतात. उपग्रहाचे टॅग लावून घेतलेल्या नोंदींत हे हंस सात हजार मीटरच्याही वर उडताना आढळले आहेत. कांड्या करकोचे मंगोलिया-कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून येतात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, चमचे, चित्रबलाक हे नेहमीचे. रोहित आले की शहरातून गाड्यांची रांग लागते.

मोठे थवे पाहायचे तर डिसेंबर-जानेवारीच बरा, हे मान्य. पण वसंतात जे दिसतं ते हिवाळ्यात दिसत नाही. निघण्याआधी पक्षी अधाशासारखे खातात. पुढच्या प्रवासाचं इंधन म्हणून अंगावर चरबी चढवतात. या दोन-तीन आठवड्यांत त्यांना उठवलं, पुन्हा पुन्हा उडायला लावलं, तर साठवलेलं तिथंच खर्च होतं आणि त्याची किंमत हिमालयाच्या अलीकडे कुठेतरी मोजावी लागते. चिखलपक्ष्यांचे रंग बदलायला लागतात. हिवाळाभर करडे दिसणारे पाणटिवळे विटकरी होऊ लागतात. पळस, पांगारा, काटेसावर फुलली की भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे मध संपेपर्यंत त्या झाडांवर असतात आणि संध्याकाळी आभाळात असे वळतात की शेतात काम करणारी बाई हातातला विळा थांबवून वर पाहते. ज्वारीच्या कणसांवर याच भोरड्यांना गोफणीनं हाकलणाऱ्या आपल्या लोकांना त्या मध्य आशियात जाऊन टोळ आणि नाकतोडे खातात, हे एकदा नीट सांगायला हवं.

आणि जे जात नाहीत त्यांचाही हाच काळ. नदी सुरय मार्चपासून वाळूच्या बेटांवर अंडी घालतो. टिटवी आणि चिखल्या गोट्यांमध्ये, उघड्यावर, घरटं म्हणावं असं काहीही न करता अंडी घालतात. ती अंडी इतकी गोट्यांसारखी असतात की पायाखाली येईपर्यंत कळत नाही. गारगोट्या वेचायला उतरलेला माणूस आणि टिटवीची अंडी एकाच जागी असतात. पाणी आणखी खाली गेलं की बेटं काठाला जोडली जातात आणि भटकी कुत्री घरट्यांपर्यंत पोचतात. या काठावर कुठं चालायचं आणि कुठं नाही हे ठरवायला वनखात्यालाही दगड कळावा लागेल, आणि दगडाच्या मागे जाणाऱ्याला पक्षी.

आता दगड. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पैठणचे म्हणवणारे आपण पैठणी आणि नाथमहाराज सांगतो, शालिवाहन शक सांगतो, पण अकीक सांगत नाही.

आपल्या पायाखालचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. नंतर त्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपत राहिलं आणि थरावर थर बसत गेला. तो थर म्हणजे अकीक. भोवतीचा बेसॉल्ट हवापाण्यानं कुजून माती होतो, अकीक तसा कुजत नाही, म्हणून तो सुटा होऊन ओढ्यांतून नदीत येतो आणि गोट्यांत गोळा होतो. गोदावरी आणि प्रवरा यांनी हे काम लाखो वर्षं केलं आहे. म्हणजे इथली खाण डोंगरात कमी आणि नदीच्या पात्रात जास्त. नदीनंच खणून, धुऊन, निवडून ठेवलेलं.

नाथसागराच्या वरच्या अंगाला, कायगाव टोक्याजवळ प्रवरा गोदावरीला मिळते. प्रवरेनं थोडं वर गेलं की नेवासे. १९५४ पासून डेक्कन कॉलेजच्या डॉ. हसमुख सांकळियांनी तिथं उत्खनन केलं. त्या परिसरातल्या नदीच्या थरांत मध्य पुराश्मयुगाची हत्यारं मिळाली ती अकीक, जास्पर, कॅल्सिडनी अशा बारीक पोताच्या दगडांची. त्या हत्यारपरंपरेला त्यांनी नेवाशाचंच नाव दिलं. भारताच्या अश्मयुगाच्या अभ्यासात ते नाव आजही वापरात आहे. ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली त्या गावाची ही दुसरी ओळख तिथल्या शाळेतल्या किती मुलांना माहीत असेल? पुढे ताम्रपाषाणयुगात नेवासे, जोर्वे, दायमाबाद इथली शेती करणारी माणसं याच दगडाची बारीक, धारदार पाती पाडत होती आणि त्याचे मणी गळ्यात घालत होती.

मग सातवाहन आले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या आणि आज पेरिप्लस या नावानं ओळखल्या जाणाऱ्या मार्गदर्शिकेत पैठणबद्दल नेमका उल्लेख आहे. गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. या दोन बाजारपेठांतून माल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला उतरतो. तेरहून येतं कापड. पैठणहून येतो भरपूर अकीक. आपल्या गावाचा जगाच्या व्यापारी कागदपत्रांतला हा इतका जुना दाखला, आणि त्यात पैठणची ओळख हा दगड आहे.

पैठणला १९३७ साली निजामाच्या काळात उत्खनन झालं आणि पुढे साठच्या दशकात डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी ते केलं. दीक्षित तर प्राचीन मण्यांचे जाणकार. बाळासाहेब पाटलांनी आयुष्यभर पैठणच्या मातीतून वेचून जमवलेला संग्रह आज त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात आहे. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी हेच केलं. सरकारी खात्यांच्या आधी गावातल्या माणसांनी हा वारसा ओळखला आणि राखला, हे मुद्दाम नोंदवतो. म्हणूनच पत्र ग्रामपंचायतींनाही लिहिलं आहे.

हा दगड आजही जिथं रोजचं काम आहे ती जागा गुजरातेत आहे. भडोच जिल्ह्यात रतनपूरजवळच्या खाणींतून अकीक निघतो, उन्हात वाळवला जातो, मडक्यांत घालून राख-गोवऱ्यांच्या मंद आचेवर भाजला जातो. उष्णतेनं आतल्या लोहाचा रंग बदलतो आणि फिका, पिवळसर दगड लाल होतो. मग तो खंबातला जातो, तिथं कारागीर तो फोडतात, घासतात, भोक पाडतात. सातवाहनकाळी पैठणचा दगड ज्या वाटेनं गेला त्याच वाटेच्या दुसऱ्या टोकाला ही कारागिरी टिकून आहे. उत्सवात खंबातच्या कारागिरांना सन्मानानं बोलवावं, प्रवासखर्च आणि मानधन देऊन. पण एक गोष्ट लपवू नये. अकीक घासताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते आणि सिलिकोसिस होतो. खंबातमध्ये या आजारानं अनेक घरं उद्ध्वस्त झाली आहेत. प्रात्यक्षिक ओल्या पद्धतीनं व्हावं, धूळ ओढणारं यंत्र लावून व्हावं, आणि या आजाराबद्दल प्रदर्शनात एक स्वतंत्र फलक असावा. मण्याची चमक दाखवायची आणि तो घासणाऱ्याचा श्वास झाकायचा, असा वारसा आपल्याला नको.

खाणकामाचा विषय निघाला आहे तर आपल्याकडे आज चालणाऱ्या खाणकामाबद्दलही बोललं पाहिजे. ते वाळूचं. धरणाच्या खाली गोदावरीच्या पात्राची काय अवस्था आहे हे महसूल विभागाला मी सांगण्याची गरज नाही. रात्री हायवा भरतात, वाळू चाळून जाते, चाळणीवर राहिलेले गोटे रस्त्याच्या भरावात पडतात. नदीनं लाखो वर्षं निवडून ठेवलेला साठा, त्यातली अश्मयुगाची हत्यारं, सुरयांची अंडी घालायची जागा, सगळं एकाच बकेटमध्ये उचललं जातं. उत्सवाच्या दिवसांत तरी नको, असं मी म्हणणार नाही. सुरय आणि टिटव्या अंडी घालतात त्या मार्च ते जून या काळात अभयारण्यात आणि त्याच्या खालच्या पात्रात एकही यंत्र उतरणार नाही, असा आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी उत्सवाच्या उद्घाटनाच्या दिवशी वाचून दाखवावा. दीपप्रज्वलनापेक्षा त्याचा लोकांवर जास्त परिणाम होईल.

उत्सव कसा असावा याबद्दल महाराष्ट्रातलीच दोन उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासव महोत्सव होतो. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, घरचं जेवण जेवतात, सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर दोरीच्या मागे उभं राहून पिल्लं समुद्रात जाताना पाहतात. पैसा गावात राहतो, म्हणून घरटी गाव राखतं. दुसरीकडे भंडारदरा परिसरातले काजवे. प्रसिद्धी एवढी झाली की गाड्यांचे दिवे, मोबाइलचे प्रकाशझोत, झाडांखाली तुडवलेली माती यांत काजव्यांनाच त्रास होऊ लागला, आणि शेवटी वनखात्याला निर्बंध घालावे लागले. पैठणनं पहिला रस्ता घ्यावा. मोठा मंडप, ध्वनिक्षेपक, लेझर शो, ड्रोन यांतलं काही अभयारण्याच्या जवळ नको. पक्ष्यांच्या अंगावर होडी नेऊन थवा उडवायचा आणि फोटो काढायचा, हे तर पूर्ण बंदच हवं.

काठावर दुर्बिणी लावलेल्या मोजक्या जागा ठरवाव्यात. पाणी दरवर्षी वेगळ्या ठिकाणी असतं, म्हणून जलसंपदा विभागानं उत्सवाच्या पंधरा दिवस आधी पातळीचा अंदाज द्यावा आणि त्यावरून वनखात्यानं जागा नक्की कराव्यात. सकाळी सूर्योदयापासून नऊपर्यंत आणि संध्याकाळी चारनंतर. गट लहान ठेवावेत. दुपारच्या उन्हात काठावर कुणीच नको. त्या वेळी माणसं संग्रहालयात, पालथी नगरीच्या पुराणस्थळी, नाथांच्या वाड्यात, आणि पैठणीच्या मागावर बसलेल्या विणकरांकडे. काठात मुनिया विणणाऱ्या त्या हातांनी पाण्याकाठची खरी मुनियाही पाहावी, म्हणून विणकरांच्या कुटुंबांसाठी एक सकाळ राखून ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

वाट दाखवायला बाहेरून मार्गदर्शक आणू नयेत. भोई आणि कहार समाजातले मच्छीमार या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कोणत्या खाडीत करकोचे उतरतात, कुठल्या उंचवट्यावर सुरय बसतो, हे त्यांना पुस्तकाशिवाय माहीत आहे. गाळपेर करणारे शेतकरी तर शंभराहून अधिक गावं या पाण्याखाली गेली त्यांची मुलं-नातवंडं. आपल्याच बुडालेल्या शिवारात दरवर्षी पाणी उतरल्यावर ते काकडी-टरबूज, हरभरा लावतात. अभयारण्याचे नियम त्यांना आजवर फक्त नोटिशीच्या रूपात भेटले. तरंगत्या सौरपटलांचा प्रकल्प पुढे आला तेव्हा या पाण्यावर पोट असलेल्या माणसांना आपलं म्हणणं मांडायला हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. त्यांच्या गावात बसून त्यांचं म्हणणं आधी ऐकलं असतं तर ही वेळ कदाचित आलीही नसती. उत्सवाचं आमंत्रण त्यांच्या नावानं निघावं, मार्गदर्शकाचं मानधन थेट त्यांच्या खात्यात जावं.

दगडांबाबत एक नियम पहिल्या दिवसापासून पाळावा लागेल. काठावरून कुणी काही उचलायचं नाही, साधी गारगोटीसुद्धा नाही. हातात घेऊन पाहावी, उन्हासमोर धरून आतल्या पट्ट्या पाहाव्यात, आणि होती तिथं ठेवावी. कारण तिथं पडलेला लाल तुकडा नदीनं आणलेला साधा गोटा असू शकतो, किंवा पंचवीस-तीस हजार वर्षांपूर्वी कुणी पाडलेली हत्याराची चिपही असू शकते, आणि जागेवरून हलला की तो अभ्यासाच्या कामाचा राहत नाही. पालथी नगरीत तर पावसाळ्यानंतर मणी वर येतात आणि ते विकत घेणारेही गावात येतात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू कायद्यानं पुरावस्तू ठरते, तिची चोरटी विक्री गुन्हा आहे. पण केवळ धाक दाखवून हे थांबणार नाही. मणी आणून देणाऱ्याचं नाव, सापडल्याची तारीख आणि जागा संग्रहालयाच्या फलकावर लागली पाहिजे. एखाद्या शाळकरी पोराच्या नावाचा फलक बाळासाहेब पाटलांच्या संग्रहाशेजारी लागला, तर तो पोरगा आणि त्याचं अख्खं घर पुढे त्या टेकडीवर लक्ष ठेवेल.

संग्रहालयाबद्दल पुरातत्त्व विभागाला वेगळी विनंती आहे. मण्यांचं एक स्वतंत्र दालन करा. कच्चा गोटा, फोडलेला तुकडा, घासलेला, भोक पाडताना मधेच फुटलेला आणि पूर्ण झालेला मणी, अशा क्रमानं मांडणी हवी आणि शेजारी भिंग. मराठीत लिहिलेल्या चार ओळी हव्यात. आणि भडोचपर्यंतच्या त्या वीस दिवसांच्या वाटेचा नकाशा. खर्च फार नाही. मुलं तिथं तासभर थांबतील, याची मला खात्री आहे.

पैशांबद्दलही स्पष्ट लिहितो. पहिल्या वर्षी तीन दिवस, काठावरच्या तीन-चार गावांत, शाळांच्या खोल्या आणि ग्रामपंचायतीची सभागृहं वापरून हा उत्सव होऊ शकतो. दुर्बिणी वनखात्याकडे आहेत, पक्षीमित्र मंडळींकडे आहेत. प्रायोजकाच्या नावाची कमान काठावर लागायची असेल, तर मात्र उत्सव न झालेला बरा. उत्सव संपल्यावर कचरा किती निघाला, पक्षी किती उठले, गावात किती रुपये राहिले याचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. आणि तो हिशेब वाईट निघाला, तर पुढच्या वर्षी उत्सव न करण्याचा अधिकार त्या ग्रामसभेलाच असावा.

तारीख म्हणाल तर काल्यानंतरची, फाल्गुन अमावास्येच्या आतली. यात्रेचा ताण उतरलेला असतो, हंसांचे शेवटचे थवे नशिबानं भेटतात, भोरड्या नक्की भेटतात, सुरय बेटावर आलेले असतात, आणि काठ पुरेसा उघडा पडलेला असतो.

या सगळ्यासाठी मार्गशीर्षात एक बैठक लावावी, एवढीच तातडीची विनंती. पाचही विभागांचे निर्णय घेऊ शकणारे अधिकारी त्या बैठकीला असावेत, आणि मच्छीमार, गाळपेर करणारे, विणकर यांचे प्रतिनिधी त्यांच्याच टेबलावर. बैठक शहरात जिल्हाधिकारी कार्यालयात नको, पैठणला किंवा काठावरच्या एखाद्या गावात घ्या. वेळ दुपारची ठेवा. पहाटे जाळी काढायची असतात आणि ती मासळी सकाळच्या लिलावाला पोचवल्याशिवाय कुणाला मोकळं होता येत नाही.

आपला,
पैठणचा एक रहिवासी आणि पक्षीनिरीक्षक